वालेन्सियाचा वाकडा सिगार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वालेन्सियात नोकरीला असलेला भाऊ सुट्टीवर येताना वीसेक बारीक, काळपट, वाकडेतिकडे सिगार घेऊन आला. ना पट्टी, ना डबा, नुसती कागदात गुंडाळलेली जुडी. देणाऱ्याने सांगितलं की हे 'कालिकेन्यो', हाताने वळलेले, आत-बाहेर एकच तंबाखू. मुंबईत एका दुकानात दाखवले तर तिथला माणूस म्हणाला की हलका माल आहे, क्युबनच्या जवळपासही नाही. तेव्हा हे खरे आहेत का, 'एकच तंबाखू' म्हणजे नेमकं काय, आणि पावसाळ्यात हे ठेवायचे कसे?

मी निपाणीजवळच्या गावचा. घरी विडीच्या तंबाखूचं पीक आणि वडिलांची लहानशी वखार. पुढे तीसेक वर्षं मीही पान पारखण्याच्याच कामात राहिलो. पान हातात घ्यायचं, ताणून बघायचं, वास घ्यायचा, कोपरा पेटवून राख बघायची आणि भाव बोलायचा, हा रोजचा उद्योग. त्याच कामामुळे स्पेनमध्ये दोनदा राहणं झालं. एकदा कासेरेस प्रांतात, जिथे स्पेनचा बहुतेक तंबाखू पिकतो, आणि एकदा वालेन्सियाकडे. तुमच्या जुडीचं वर्णन वाचलं आणि ते दुसरे दिवस डोळ्यांपुढे आले.

आधी सरळ उत्तर. वर्णनावरून माल खरा दिसतो. वाकडेपणा, पट्टी नसणं, कोरडेपणा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळता असणं, ही सगळी कालिकेन्योची नेहमीची लक्षणं आहेत. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण त्याने चुकीचं माप लावलं. आंबेमोहोर तांदूळ कुणी बासमतीच्या लांबीने मोजत नाही.

आता 'एकच तंबाखू'. इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि दुकानातही ती होताना मी पाहिली आहे.

स्पॅनिशमध्ये सिगारला 'पुरो' म्हणतात, म्हणजे शुद्ध. मूळ शब्द 'सिगार्रो पुरो'; कागदात गुंडाळलेल्या सिगारेटपासून वेगळा ओळखता यावा म्हणून पडलेला. आपल्या भागातल्या माणसाला हे लगेच कळतं. विडीत तंबाखूभोवती टेंभुर्णीचं पान, सिगारेटमध्ये कागद, आणि पुरोत तंबाखूभोवती तंबाखूच. म्हणून तो शुद्ध. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या शौकिनांनी याच शब्दाला निराळा अर्थ दिला: ज्याची सगळी पानं एकाच देशातली, तो पुरो. स्पेनमधल्या माणसाला हा अर्थ सांगितला तर तो बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या लेखी सगळेच सिगार पुरो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या जुडीची, एकाच प्रकारच्या तंबाखूचा सिगार. हा अर्थ सगळ्यांत अरुंद आहे. एका देशातला तंबाखू म्हणजे एका प्रकारचा तंबाखू नव्हे. क्युबाचा सिगार पूर्ण क्युबाच्याच पानांचा असतो, पण त्याचं बाहेरचं पान कापडी मांडवाखाली सावलीत वाढवलेलं असतं आणि आतलं उघड्या उन्हात. दोघांची जात, निगा, जाडी वेगळी.

नेहमीच्या सिगारचे तीन भाग असतात. आत 'त्रिपा', म्हणजे शब्दशः आतडी. तिच्याभोवती बांधून ठेवणारं 'कापोते'. आणि वर दिसणारं तुकतुकीत 'कापा'. या तीन भागांत चार-पाच प्रकारची पानं, कधी तीन-चार देशांतली, मिसळलेली असतात. एखादं पान चवीसाठी, एखादं नीट जळावं म्हणून, एखादं नुसतं रंगासाठी. मिश्रण हे फार मोठं कौशल्य आहे, मी त्याला कमी लेखत नाही. एका वर्षी पीक तिखट आलं तर प्रमाण बदलून गिऱ्हाइकाला तीच चव देता येते. पण एकाच तंबाखूच्या सिगारमध्ये ही सोय नाही. मसाल्याच्या रश्शात कालची भाजी खपून जाते. पिठल्यात बेसन जुनं असेल तर पहिल्या घासाला कळतं. कालिकेन्यो हे पिठलं आहे. पान नीट पिकलं नसेल, घाईने वाळवलं असेल, ढिगात कमी मुरलं असेल, तर ते पेटवल्या-पेटवल्या जिभेला समजतं. म्हणून या सिगारची पारख वळणीपेक्षा पानावर करायची असते.

यावर कुणी विचारेल, की मग एकच तंबाखू म्हणजे एकच चव का? तसं नाही, आणि मला या विषयात सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट इथेच आहे. तंबाखूच्या एकाच रोपावर खालचं पान आणि वरचं पान यांत दोन वेगळ्या पिकांइतका फरक असतो. खालची पानं सावलीत वाढतात. ती पातळ, चवीला सौम्य, आणि भरभर जळणारी. मधली पानं वासाला चांगली. वरच्या पानांना ऊन भरपूर मिळतं, ती जाड, चिकट, तिखट आणि सावकाश जळणारी. क्युबात या थरांना 'वोलादो', 'सेको' आणि 'लिखेरो' म्हणतात. लिखेरोचा अर्थ हलका, पण पान सगळ्यांत जड. नावं कशी पडतात याला काही नियम नसतो. शेंडा खुडला की रोपाचा सगळा जोर वरच्या पानांकडे जातो आणि त्यांच्यातलं निकोटिन वाढतं. निपाणीत आम्हीही तेच करायचो. फुलावर येण्याआधी शेंडा खुडायचा आणि मग बगलेतून जी पिलं फुटतात ती आठ-आठ दिवसांनी मोडत राहायची. लहानपणी शाळेतून आल्यावर माझं ते काम असे. बोटांवर काळा चीक बसायचा, तो राखेने घासल्याशिवाय जात नसे.

तेव्हा एकाच जातीचं, एकाच शेतातलं पान घेऊनही वळणारा माणूस खालची किती आणि वरची किती हे ठरवू शकतो. जुन्या वळणाऱ्यांना ही समज होती. अर्थात सगळ्यांनाच होती असं नाही, आणि कालिकेन्यो 'तिखटजाळ' म्हणून बदनाम झाला त्यामागे वरचंच पान कोंबण्याची हौसही आहे.

मुख्य काम वाळवणीचं. हे नीट समजलं तर अर्धा सिगार समजला.

तोडलेलं पान लगेच मरत नाही. त्याच्या पेशी अजून श्वास घेत असतात, आणि बाहेरून अन्न मिळायचं बंद झाल्यामुळे त्या साठवलेला स्टार्च आधी साखरेत बदलतात आणि मग ती साखर खातात. सिगारचं पान हवेशीर, अंधाऱ्या कोठारात टांगून ठेवतात. तिथे हे काम सहा ते आठ आठवडे चालतं. हिरवा रंग जातो, पान पिवळं पडतं, मग तपकिरी. वाळून संपेपर्यंत साखर जवळजवळ उरतच नाही. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचं उलट असतं. तो भट्टीच्या कोठीत गरम हवेने आठवडाभरात वाळवतात, पान पिवळं असतानाच उष्णतेने सगळं थांबवतात आणि साखर आत कोंडून राहते. म्हणून सिगारेटचा धूर आम्लधर्मी, सिगारचा अल्कधर्मी. अल्कधर्मी धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. सिगार ओढणारा धूर आत घेत नाही तरी त्याला झिणझिण्या येतात, त्याचं कारण हे. आमच्या विडीच्या तंबाखूची गत आणखी वेगळी. तो शेतातच उन्हात जमिनीवर पसरून वाळवतात आणि पहाटेच्या दवाने मऊ पडला की उचलतात. ऊन चढल्यावर हात लावला तर चुरा होतो.

कासेरेसमध्ये मी तंबाखू वाळवण्याच्या जुन्या कोठ्या पाहिल्या. स्पॅनिशमध्ये 'सेकादेरो'. विटांच्या उंच भिंती, पण विटा सलग न रचता मध्ये फट सोडून जाळीसारख्या रचलेल्या. आत उभं राहिलं की उजेडाचे चौकोन जमिनीवर पडलेले दिसतात आणि वारा सगळीकडून येतो. ग्रानादाच्या मैदानातही अशाच कोठ्या आहेत, तिथे लाकूडही वापरलेलं. आता त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या आहेत. सिगारेटचा पिवळा तंबाखू मागितला जाऊ लागला, त्याला भट्टी लागते, आणि हवेत वाळणाऱ्या काळ्या तंबाखूचं राज्य गेलं. 'ताबाको नेग्रो' हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र अजून आहे, आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज मऊ होतो.

वाळल्यावर पान ढिगात मुरवायचं. थोडी ओल देऊन पानांचे गठ्ठे रचले की ढीग आतून तापतो. हात खुपसला तर पटकन मागे घ्यावा लागतो. गार होऊ लागला की आतलं बाहेर, बाहेरचं आत असं पलटायचं. या काळात अमोनिया उडतो. वखारीचं दार उघडलं की डोळ्यांत पाणी येतं. कच्च्या सिगारच्या धुरात जो घशाला ओरबाडणारा वास असतो, तो ढिगात न उडालेला अमोनियाच असतो. तुमच्या जुडीतला एक सिगार न पेटवता नाकाशी धरा. गोठ्यासारखा, सुक्या गवताचा, थोडा मनुकांसारखा वास आला तर पान मुरलेलं आहे. नाक चरचरलं तर नाही.

आता वळणी. वालेन्सिया प्रांतात 'ला कानाल दे नावार्रेस' नावाचा डोंगराळ पट्टा आहे. कालिकेन्योचं नाव निघालं की या भागाचं नाव निघतं. तिथल्या एका गावात ओळखीतल्या माणसाने मला त्याच्या आजेसासूबाईंकडे नेलं. वय ऐंशीच्या पुढे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड, त्यावर पाट, पाटावर एक झिजलेली सुरी. कारखान्यातली अर्धचंद्राची 'चावेता' नाही, भाजीचीच सुरी. पानं आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ते फडकं त्यांनी उलगडलं तेव्हा मला माझी मावशी आठवली. तीही विड्या वळायची आणि टेंभुर्णीची पानं रात्री अशीच ओल्या गोणपाटात ठेवायची. सकाळी पान बोटाभोवती वळलं तर मोडता कामा नये, इतकंच ओलं हवं. जास्त ओलं झालं तर काळे डाग आणि बुरशी.

बाईंनी पानाची मधली शीर एका ओढीत काढली. टोकाकडून धरली, अंगठ्याने फट पाडली, आणि शीर मनगटाभोवती गुंडाळत खाली आली. पानाचे दोन तुकडे दोन हातांत. त्यातला एक अर्धा त्यांनी तिरका कापून बाजूला ठेवला, वरच्या आवरणासाठी. बाकी तुकडे तळहातावर जमवले, लांबट, बोटांनी दाबून बघत. कुठे गाठ लागली की तेवढा तुकडा काढून दुसरीकडे ठेवत होत्या. हे दाबून बघणं फार महत्त्वाचं. तिथे गाठ राहिली तर सिगार ओढला जात नाही आणि पोकळी राहिली तर एका बाजूने जळत जातो. मग तो गोळा आवरणाच्या टोकावर ठेवून तळहाताने पाटावर पुढे ढकलला. साचा नाही, दाबयंत्र नाही. शेवटी पिठाच्या खळीचं बोट लावून टोक पिळलं. झाला. मधलं 'कापोते' त्यांनी घातलंच नाही. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही एकाच गठ्ठ्यातून. मी हातातली कॉफी संपवेपर्यंत सात झाले होते, आणि सातही एकमेकांसारखे नव्हते.

वाकडेपणा कुठून येतो तेही मला तिथेच दिसलं. ओला वळलेला सिगार साच्यात न घालता तसाच वाळायला ठेवला की आतलं पान आणि बाहेरचं पान वेगवेगळ्या वेगाने आकसतात. ज्या बाजूला जाड शिरा तिकडे कमी, दुसरीकडे जास्त. मग तो वाकतो. साच्यात दाबलेला सिगार सरळ राहतो, कारण त्याला वाकायला जागाच दिलेली नसते. तेव्हा वाकडा सिगार पाहून कुणी बनावट म्हणाला तर त्याला सांगा की हा साच्याशिवाय केल्याची खूण आहे.

ही कला स्वयंपाकघरात का राहिली, याला मोठा इतिहास आहे. स्पेनमध्ये तंबाखू ही राजाची मक्तेदारी. कास्तीलमध्ये ती १६३६ मध्ये सुरू झाली आणि पुढे सगळ्या देशभर पसरली. सेविल्यात राजाचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १७२८ मध्ये बांधायला घेतलेली ती इमारत आज विद्यापीठाच्या ताब्यात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो बायका सिगार वळत. वालेन्सिया शहरातही १८२८ पासून जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीत सरकारी तंबाखू कारखाना होता. आता तिथे न्यायालय आहे. पण स्वतःच्या शेतात तंबाखू लावून स्वतः वळून विकणं हा गुन्हा होता. मुख्य भूमीवर तंबाखू पिकवायलाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बंदी होती, आणि नंतर परवानगी मिळाली तीही परवान्याने, पान मक्तेदाराच्याच दारात नेऊन घालायचं या अटीवर. गावातल्या माणसाला सरकारी सिगार परवडत नसे. मग घरात, दार लावून, बायकांनी वळलेला बिनपट्टीचा सिगार बाजारात, बारमध्ये, बैलझुंजीच्या मैदानाबाहेर हातोहात विकला जाई. बिननावाचा माल, म्हणून पट्टी नाही. लपवून न्यायचा, म्हणून डबा नाही. साचा आणि दाबयंत्र घरात सापडलं तर पुरावा, सुरी आणि पाट सापडला तर ते स्वयंपाकघर. मी त्या बाईंना विचारलं, भीती वाटायची का? त्या म्हणाल्या, वास लपत नाही हीच भीती, म्हणून चुलीवर सतत कांदा परतत ठेवायचा. दोन भाषांमधून, नातजावयाने उलगडून सांगितलेलं हे वाक्य मी विसरलेलो नाही.

१९९८ च्या कायद्याने उत्पादनाची आणि घाऊक विक्रीची मक्तेदारी संपली. किरकोळ विक्री मात्र आजही 'एस्तांको' म्हणजे सरकारी परवान्याच्या दुकानातूनच होते. तिथे डब्यातले, कर भरलेले कालिकेन्यो मिळतात. म्हणून तुमच्या 'खरे आहेत का' या प्रश्नाचे दोन भाग पडतात. कारागिरी खरी असेल. पण कागदातली जुडी, करपट्टी नाही, म्हणजे बहुधा घरगुती, बिनकराचा माल. भावाला पुढच्या वेळी एस्तांकोतून घ्यायला सांगा. आणि इथे ते कुणाला विकू नका. इशाऱ्याच्या चित्राशिवाय तंबाखूचा माल विकणं आपल्याकडे बेकायदा आहे.

याचा जवळचा नातेवाईक इटलीत आहे, 'तोस्कानो'. तोही एकाच तंबाखूचा, केंटकी जातीचा, पण लाकडाच्या धुरावर वाळवलेला. मधलं बांधणीचं पान त्यातही नाही. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, आणि अनेक लोक तो अर्धा कापून ओढतात. ज्यांना तोस्कानो माहीत आहे त्यांना कालिकेन्यो लगेच समजतो. आपल्या देशातला चुलत भाऊ म्हणजे तमिळनाडूतला त्रिचनापल्लीचा चिरूट. 'चिरूट' हा शब्दही तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरूनच, म्हणजे गुंडाळलेलं.

स्पेनचा दुसरा हातवळणीचा सिगार म्हणजे कॅनरी बेटांतल्या ला पाल्माचा 'पुरो पाल्मेरो'. तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नाही, पण गोंधळ नको म्हणून सांगतो. क्युबाला गेलेली ला पाल्माची माणसं एकोणिसाव्या शतकात परतताना बी आणि कला दोन्ही घेऊन आली. १८५२ मध्ये कॅनरी बेटं खुली बंदरं झाली आणि मक्तेदारीच्या बाहेर राहिली, त्यामुळे तिथे हा धंदा उजळ माथ्याने वाढला. ब्रेन्या आल्ता गावात त्याचं संग्रहालयही आहे. पाल्मेरो सरळ, देखणा, पट्टी लावलेला, आणि आज बऱ्याचदा बाहेरच्या देशांतली पानं मिसळून केलेला असतो. एकाच मुलखात दोन रीती का झाल्या, ते कायद्यानेच ठरवलं: जिथे मोकळीक होती तिथे कारखाना झाला, जिथे बंदी होती तिथे स्वयंपाकघर.

आता ठेवण्याबद्दल, कारण मुंबईच्या पावसाळ्यात चूक झाली तर आठवड्यात जुडी जाईल. क्युबन सिगारसाठी जो ओलावा राखणारा लाकडी डबा असतो त्यात हे ठेवू नका. तो साधारण सत्तर टक्के ओलाव्याला ठेवतात. कालिकेन्यो कोरड्या स्वभावाचा आहे, साठच्या आसपास त्याला बरं वाटतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, लोणच्याची किंवा मसाल्याची नको, वास धरतो. बरणीत बासष्ट टक्क्यांची ओलावा सांभाळणारी पुडी टाका आणि बरणी कपाटात, अंधारात ठेवा. खिडकीशी नको, स्वयंपाकघरात तर अजिबात नको. सिगार दोन बोटांत हलका दाबला तर कुरकुरला पाहिजे, पण फुटता कामा नये. मऊ, स्पंजासारखा लागला तर जास्त ओल आहे.

बुरशी आणि कीड यांत बुरशी आधी दिसते. पांढरी, हिरवट, लोकरीसारखी उठलेली असेल तर ती बुरशीच. कुणी 'हे तेल वर आलंय' म्हणालं तर मानू नका. तो सिगार टाका, पुसून वापरू नका. किडीचं नाव सिगारेट बीटल, आमच्या वखारीतला जुना शत्रू. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा. अंडी पानातच असतात आणि उष्णतेत फुटतात. टाचणीने टोचल्यासारखं नेमकं गोल भोक दिसलं की समजायचं. घरगुती मालाला कुणी किडीची प्रक्रिया केलेली नसते, म्हणून तुमची जुडी मी तरी आधी थंड करून घेतली असती. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, हवा काढून, पाच दिवस फ्रीझरमध्ये. मग पिशवी न उघडता एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग एक दिवस बाहेर. घाईने बाहेर काढलं तर गारव्यावर पाणी सुटतं आणि आवरण फाटतं.

तब्येतीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 'हातवळणीचा', 'शुद्ध', 'एकच तंबाखू', 'काही मिसळलेलं नाही', हे शब्द ऐकून हा निरुपद्रवी आहे असं वाटू शकतं. तो नाही. तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सिगारनेही वाढतो, धूर आत घेतला नाही तरी. मावशी गेली त्या वर्षी मी विडी सोडली. नंतर सिगार पेटवला तो फक्त कामासाठी, पारखण्यापुरता. आणि हा तंबाखू पिकवणाऱ्यालाही सोडत नाही. दवाने ओलं पान तोडताना निकोटिन कातडीतून आत जातं. आमच्याकडे तोडणीच्या दिवसांत बायकामाणसांना मळमळ आणि चक्कर व्हायची, आणि सगळे म्हणायचे उन्हाने झालं. मी ज्या मालाची एवढी बारकाईने स्तुती करतो आहे त्याची ही दुसरी बाजू मला चांगली माहीत आहे. तुम्ही ओढत नसाल तर या जुडीसाठी सुरुवात करू नका. नुसता वास आणि वळणीही बघण्यासारखी आहे.

त्यासाठीच एक सुचवतो. एक सिगार बळी द्या. रात्रभर बरणीत ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवा, बोळा त्याला टेकू देऊ नका. सकाळी वर्तमानपत्रावर तो उलगडा, पिळलेल्या टोकाच्या उलट्या दिशेने, सावकाश. आवरण सुटून येईल, ते उजेडासमोर धरा. शिरा दिसतील, त्या बारीक आणि पानाच्याच रंगाच्या असतील तर आवरण निवडून घेतलेलं आहे. मग आतले तुकडे पसरा. लांब असतील तर हाताने जमवले आहेत. चुरा आणि काड्या निघाल्या तर कुणीतरी वखारीचा केर वळून विकला आहे, आणि मग दुकानदाराचं म्हणणं बरोबर. शेवटी आवरणाचा तुकडा आणि आतलं एक पान शेजारी ठेवा. जाडीत फरक असेल तर हरकत नाही, ते रोपाच्या वेगवेगळ्या थरांतले असतील. पण दोन्हींची टोकं पेटवून विझवा आणि वास घ्या. एकच तंबाखू असेल तर वासाची जात तीच लागेल, एक सौम्य आणि एक तिखट. राख पांढरट आणि धरून राहणारी असेल तर पान नीट पिकून वाळलेलं आहे. काय निघालं ते मला जरूर कळवा.